शेक, चमचाभर चहा आणि डीएनए तोडणारे मंद इलेक्ट्रॉन

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

माझ्या मेव्हण्यांच्या घशावर नाशिकमधील एका रुग्णालयात सध्या किरणोपचार चालू आहेत आणि सोबत म्हणून मी आठवड्यातून दोन-तीनदा त्यांच्याबरोबर जातो. घरी सगळेजण या उपचाराला ‘शेक’ म्हणतात, आणि प्रतीक्षा कक्षातल्या फलकावरही ‘किरण कर्करोगाच्या पेशी जाळून टाकतात’ असेच लिहिलेले आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. तो फलक दहा-बारा वेळा वाचून झाल्यावर एके दिवशी बाकावर बसल्याबसल्या मी फाइलच्या पाठीवर हिशेब मांडला.

रोजची मात्रा दोन ग्रे आहे, म्हणजे एक किलो ऊतीमागे दोन ज्यूल ऊर्जा. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. तेव्हा दोन ग्रेमुळे ऊती तापते ती अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकी. संपूर्ण शरीरावर एकदम चार ग्रे पडले, तर वैद्यकीय मदत न मिळाल्यास निम्म्याच्या आसपास माणसे दगावतात. पण सत्तर किलोच्या माणसात ती सगळी ऊर्जा मिळून भरते अवघी २८० ज्यूल. चमचाभर गरम चहा प्यायल्यानेही तेवढीच उष्णता पोटात जाते. तेव्हा शेकण्याचा किंवा जाळण्याचा येथे काही संबंध नाही. एवढीशी ऊर्जा कुठे आणि कशी पडते, यावर सारे अवलंबून आहे.

इथपर्यंत माझे मला समजले. पुढचा प्रश्न बारावीच्या एका विद्यार्थिनीने विचारला आणि तेथे मी अडलो. तिने कुठेतरी वाचले होते, की तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षाही (हे अणू-रेणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन डीएनए तोडू शकतो. डीएनएमधील सर्वांत सहज आयनीभूत होणारा घटक ग्वानीन, आणि त्यातूनही इलेक्ट्रॉन बाहेर काढायला सुमारे आठ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. ज्याच्याकडे आयनीकरणापुरतेही बळ नाही, तो इलेक्ट्रॉन मजबूत रासायनिक बंध कसा तोडतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. उत्तर मला वर्गात सांगायचे आहे, त्यामुळे ‘क्वांटम परिणाम’ एवढ्या दोन शब्दांवर माझी बोळवण करू नये.

मात्रामापक

सर, मी नाशिकमध्येच किरणोपचार विभागात वैद्यकीय भौतिकी पाहते. आपला हिशेब बरोबर आहे. आमच्या विभागात खरोखर गरम अशी एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे मुखवटा मऊ करण्यासाठी ठेवलेले पाण्याचे पात्र. जाळीदार प्लास्टिकचा तो पत्रा सुमारे सत्तर अंशांच्या पाण्यात टाकला की ओल्या पापडासारखा लवचीक होतो. मग तो पुसून, थोडा निववून रुग्णाच्या चेहऱ्यावर दाबून बसवतात, आणि काही मिनिटांत त्याचा चेहऱ्याबरहुकूम साचा तयार होतो. पुढे रोज त्याच मुखवट्यात डोके जखडून, भिंतीवरून येणाऱ्या लेझरच्या रेषा खुणांशी जुळवून, मग लिनॅक, म्हणजे किरण सोडणारे यंत्र, चालू करतात. त्या वेळी रुग्णाला ना ऊब जाणवते ना वेदना.

किरण सुटल्यानंतरची साखळी थोडक्यात सांगते. सहा मेगाव्होल्टच्या यंत्रातून निघालेला फोटॉन शरीरातल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला धडकतो आणि त्याला वेगाने पुढे ढकलतो. हा कॉम्प्टन परिणाम आपण शिकवतच असाल. हा वेगवान इलेक्ट्रॉन पुढे काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर जातो आणि वाटेत रेणूंना बारीकबारीक टक्के देत त्यांच्यातून आणखी इलेक्ट्रॉन उडवत जातो. या दुय्यम इलेक्ट्रॉनांपैकी बहुतेकांची ऊर्जा तीस इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आत असते. ऊतीत एक मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा जिरली, की असे सुमारे चाळीस ते पन्नास हजार मंद इलेक्ट्रॉन तयार होतात. पेशीचे वजन एक नॅनोग्रॅम धरले, तर दोन ग्रेच्या एका बैठकीत एकेका पेशीत साडेबारा मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा पडते, म्हणजे मंद इलेक्ट्रॉन झाले पाच-सहा लाख. फोटॉन हा नुसता निरोप्या आहे; प्रत्यक्ष काम पुढे या गर्दीकडून होते.

ही गर्दी सारख्या अंतरावर पसरलेली नसते. द्राक्षाच्या वेलीवर मोकळी काडी आणि मध्येच घड असतो, तशी ही वाट असते: बराचसा भाग रिकामा आणि मध्येच काही नॅनोमीटरच्या जागेत आयन, इलेक्ट्रॉन व मूलके (रेणूंचे अतिक्रियाशील तुकडे) यांचा घोस. डीएनएची जाडी दोन नॅनोमीटर आहे. असा घोस नेमका तेथे पडला, तर पेशीची खरी अडचण होते.

बंध कसा तुटतो, हे रसायनशास्त्राच्या माणसाने सांगितलेले बरे.

सहसंयुजा

मी पुण्यात रेणवीय भौतिकीवर संशोधन करते, माहेर नाशिकरोडचे. प्रयोगापासून सुरुवात करते, कारण या विषयात लोकांचे मत एका प्रयोगाने बदलले.

२००० सालापर्यंत सर्वसाधारण समज असा होता, की आयनीकरणाच्या उंबऱ्याखाली गेलेला इलेक्ट्रॉन निरुपद्रवी होतो. तो फार तर रेणूंना थरथरवेल आणि शेवटी पाण्यात मुरेल. त्या वर्षी कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठात लेऑं सान्श यांच्या गटाने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी जीवाणूंमधील प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएची बंद कडी, घेतली; तिचा काही रेणूंच्याच जाडीचा कोरडा थर धातूच्या पत्र्यावर पसरला; अतिनिर्वात पोकळीत त्यावर तीन ते वीस इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, आणि नंतर तो थर पाण्यात उतरवून जेलवर तपासला.

तपासणीची युक्ती फार सुंदर आहे. सुतळीला भरपूर पीळ देऊन तिची टोके जोडली, तर ती स्वतःभोवती गुंडाळून घट्ट गोळा होते. प्लाझ्मिडही तसाच पिळलेला असतो. त्याच्या दोन पेडांपैकी एकच पेड तुटला, की पीळ सुटतो आणि सैल कडी उरते. दोन्ही पेड जवळजवळ तुटले, तर कडी उघडून सरळ दोरा होतो. अगारोजच्या जेलमध्ये विजेच्या ओढीने घट्ट गोळा सर्वांत पुढे पळतो, सरळ दोरा मध्ये राहतो आणि सैल कडी मागे रेंगाळते. तीन पट्ट्या दिसल्या, की कोणते नुकसान किती झाले ते मोजता येते. तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टपासूनच एकपेडी तुटी दिसू लागल्या, दहाच्या आसपास एकपेडी आणि दुपेडी दोन्ही तुटींचे शिखर दिसले, आणि मुख्य म्हणजे ऊर्जा वाढवत नेली तरी नुकसान सरळ रेषेत वाढत गेले नाही. त्यात चढउतार होते. २००४ साली याच गटाने चार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खालचा पल्ला तपासला आणि तेथेही एकपेडी तुटींची दोन शिखरे सापडली: एक ०.८ वर आणि दुसरे २.२ वर.

हे चढउतारच यंत्रणा सांगतात. इलेक्ट्रॉन भिंतीवर आदळणाऱ्या चेंडूसारखा वागत असता, तर जास्त ऊर्जेला जास्त मोडतोड एवढेच दिसले असते. नेमक्या ऊर्जेला शिखर येते, याचा अर्थ रेणू त्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो. थायमीन, सायटोसीन यांसारख्या क्षारकांच्या, म्हणजे डीएनएच्या शिडीतील पायऱ्यांच्या, कड्यांवर काही कक्षके (इलेक्ट्रॉनच्या राहण्याच्या जागा) रिकामी असतात. येणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा तेथे जुळली, तर तो थोडा वेळ तेथे वस्तीला राहतो आणि रेणू ऋण आयन बनतो. हा मुक्काम एखाद्या फेम्टोसेकंदाचा (सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाचाही हजारावा भाग), फार तर काही फेम्टोसेकंदांचा असतो, पण तेवढ्यात अणू एकमेकांपासून दूर सरकू लागतात. इलेक्ट्रॉन परत निसटण्याआधी बंध पुरेसा ताणला गेला, तर निसटण्याची वाट बंद होते आणि रेणूचे दोन तुकडे होतात. यालाच इलेक्ट्रॉन चिकटून होणारे विघटन म्हणतात.

आता सरांचा ऊर्जेचा प्रश्न. डीएनएच्या पेडाचा कणा असलेल्या शर्करा आणि फॉस्फेट यांच्यातील कार्बन–ऑक्सिजन बंध तोडायला साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा हवी, आणि इलेक्ट्रॉनच्या गाठीला आहे एकच. बाकीची कोठून आली? तुटून निघालेला फॉस्फेटचा तुकडा इलेक्ट्रॉनचा अतिशय हावरा आहे. इलेक्ट्रॉन कायमचा त्याच्याकडे गेला, की चार-पाच इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोकळे होतात. म्हणजे बंध तोडण्याचा खर्च येणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या वेगातून निघत नाही, तो तुकड्याच्या इलेक्ट्रॉन-आसक्तीतून भागतो. इलेक्ट्रॉन आधी क्षारकावर उतरतो आणि तेथून शर्करा–फॉस्फेटच्या बंधाकडे सरकतो, असे सैद्धांतिक गणितांतून दिसते. वर्गात सांगताना आयनीकरण आणि विघटन हे दोन वेगळे व्यवहार आहेत, येथून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. आयनीकरणात इलेक्ट्रॉन बाहेर काढायचा असतो, तर विघटनात आलेला इलेक्ट्रॉन ठेवून घ्यायचा असतो.

या निवडकपणाचे आणखी एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. युरॅसिल आणि थायमीन या रेणूंमध्ये दोन नायट्रोजन अणूंवर एकेक हायड्रोजन असतो. वायुरूप रेणूंवर एक इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन सोडला, तर पहिल्या क्रमांकाच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन निघतो, आणि १.८ चा सोडला तर तिसऱ्या क्रमांकावरचा. इलेक्ट्रॉनची ऊर्जा किंचित बदलून कोणता बंध तोडायचा, हे ठरवता येते. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गटानेही २००५ मध्ये दाखवले, की लहान सेंद्रिय रेणूंमध्ये कोणता क्रियात्मक गट आहे, त्यावरून कोणत्या ऊर्जेला कोठे तूट पडणार हे ठरते.

शंकेखोर पंचवटी

मी निवृत्त जीवरसायनशास्त्रज्ञ आहे आणि वरील प्रतिसाद आवडीने वाचला. तरीही एक मोठे ‘पण’ येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. धातूच्या पत्र्यावर, पोकळीत, कोरडा पसरलेला डीएनए म्हणजे पेशी नव्हे. पेशीत वजनाने सत्तर टक्के पाणी असते, आणि डीएनएचा वाटा शेकडा एकापेक्षाही कमी. ऊर्जा पडते ती प्रामुख्याने पाण्यावर. आयनीभूत झालेला पाण्याचा रेणू सेकंदाच्या एक लाख-कोटीव्या भागाच्या आतच शेजाऱ्याला प्रोटॉन देतो आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होते. हे मूलक पेशीत काही नॅनोमीटरच सरकते, पण वाटेत डीएनए आला, तर त्याच्या शर्करेवरचा हायड्रोजन ओढून घेते आणि पेड तोडते. मूलके टिपून घेणारी डायमेथिल सल्फॉक्साइडसारखी द्रव्ये घातली, तर क्ष-किरणांमुळे होणारे सुमारे दोन-तृतीयांश नुकसान टळते, हे अनेक दशके माहीत आहे. नुकसानीचा एवढा मोठा वाटा मूलकांच्या नावावर आधीच लागलेला असताना मंद इलेक्ट्रॉनांसाठी उरते काय?

दुसरे असे, की पाण्यात इलेक्ट्रॉन एका पिकोसेकंदाच्या (सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या) आत थंडावतो आणि भोवती पाण्याचे रेणू गोळा करून बसतो. हा जलवेष्टित इलेक्ट्रॉन १९६२ मध्ये हार्ट आणि बोग यांनी त्याच्या प्रकाशशोषणावरून ओळखला; तो लाल प्रकाश शोषतो, म्हणून द्रावणाला क्षणभर निळी छटा येते. हा इलेक्ट्रॉन क्षारकांना चिकटतो खरा, पण पेड जवळपास तोडतच नाही. ज्या इलेक्ट्रॉनला मोकळे राहायला पिकोसेकंदही मिळत नाही, त्याच्यावर एवढा मोठा आरोप ठेवताना पोकळीतील पुरावा पुरेसा मानू नये, असे माझे मत आहे.

सहसंयुजा

काका, आपला आक्षेप रास्त आहे आणि या क्षेत्रात आजही वाद याच मुद्द्यावर चालतो. पेशीतील नुकसानीत मंद इलेक्ट्रॉनांचा वाटा किती, याचा सर्वमान्य आकडा नाही, आणि मी तो येथे बनवून सांगणार नाही. परंतु दोन गोष्टी विचारात घ्याव्यात.

पहिली गोष्ट अशी, की पिकोसेकंद हा काळ आपल्याला अपुरा वाटतो, पण इलेक्ट्रॉन पकडला जाऊन बंध ताणला जाण्यास त्याहून पुष्कळ कमी वेळ पुरतो. थंडावण्यापूर्वीचा इलेक्ट्रॉन आणि थंडावलेला इलेक्ट्रॉन यांत म्हणूनच फरक करावा लागतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात राइबोथायमिडीन हा न्यूक्लिओसाइड (शर्करेला जोडलेला क्षारक) डायएथिलीन ग्लायकॉल या द्रवात विरघळवून त्यावर इलेक्ट्रॉनांचे पिकोसेकंदांचे स्पंद सोडले होते. द्रवाने वेढण्याआधीचा, अर्धवट मोकळा इलेक्ट्रॉन रेणूला चिकटून त्याचा उत्तेजित ऋण आयन बनला आणि शर्करा व क्षारक यांच्यातील बंध तुटला. वेढलेल्या इलेक्ट्रॉनने तसे केले नाही. तो द्रव पाणी नव्हता आणि तो रेणू अखंड डीएनए नव्हता, हे आपण म्हणण्याआधी मीच म्हणते; पण ‘द्रवात हे घडूच शकत नाही’ असे त्यानंतर म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट उरलेल्या एक-तृतीयांशाची. मूलके टिपणाऱ्या द्रव्यांनी जे नुकसान टळत नाही, ते डीएनएवर आणि त्याला घट्ट बिलगलेल्या पाण्याच्या थरावर थेट पडलेल्या ऊर्जेचे असते. तेथे जन्मलेल्या इलेक्ट्रॉनला पोहत यायचे नसते, तो घरातच असतो. त्या भागापुरती तरी कोरड्या थराची तुलना वाटते तितकी दूरची नाही.

शंकेखोर पंचवटी

या उत्तराने माझे निम्मे समाधान झाले आहे. उरलेल्या निम्म्यासाठी मी सजीव पेशीतील मोजमापाची वाट पाहीन. मात्र थायमीनच्या जागी ब्रोमोयुरॅसिल बसवले, तर डीएनए किरणांना अधिक संवेदनशील होतो, हे आमच्या काळीही शिकवत असत. त्याची संगती मात्र आपल्या विवेचनामुळे आज लागली: ब्रोमिनही असाच हावरा असल्याने जवळजवळ शून्य ऊर्जेचा इलेक्ट्रॉनसुद्धा कार्बन–ब्रोमिन बंध तोडू शकतो. मेंदूच्या गाठींवर त्याच्या चाचण्या झाल्या होत्या. रुग्णांचे आयुष्य त्याने वाढले नाही, हेही सोबत लिहून ठेवतो.

चाळकरी निफाड

नमस्कार मंडळी. मी कांदा उत्पादक आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे, आणि तेथून आलेल्या कांद्याला कोंब फुटत नाही, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. माझे दोन प्रश्न आहेत. कांद्यातही हेच मंद इलेक्ट्रॉन काम करतात का, आणि काम झाल्यावर ते कांद्यातच राहतात का? आमच्या गावात अजूनही काही लोक असा कांदा घरात नको म्हणतात. दुसरे म्हणजे, माणूस चार ग्रेने दगावतो, मग कांद्याला किती देतात?

मात्रामापक

दादा, कांद्याला साधारण साठ ते नव्वद ग्रे देतात. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला तर किमान चारशे. लासलगावला स्रोत कोबाल्ट-६० चा आहे आणि त्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ व १.३३ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. पुढची साखळी आमच्या लिनॅकसारखीच: कॉम्प्टनची धडक, वेगवान इलेक्ट्रॉन, मग मंद इलेक्ट्रॉनांचे घोस. ते राहत मात्र नाहीत. कांदा केंद्राबाहेर येण्याच्या कितीतरी आधी प्रत्येक इलेक्ट्रॉन कुठल्या ना कुठल्या रेणूत मुरलेला असतो. या ऊर्जेचे गॅमा किरण कांद्यातील अणूंना किरणोत्सारीही बनवू शकत नाहीत.

नव्वद ग्रे सोसूनही कांदा खाण्याजोगा कसा राहतो, याचे उत्तर डीएनएची गरज कोणाला आहे यात सापडते. एका ग्रेमुळे एका मानवी पेशीत साधारण हजारभर एकपेडी आणि चाळीसेक दुपेडी तुटी होतात. एकपेडी तूट पेशी समोरचा पेड पाहून सांधते. दुपेडी तुटीला पाहायला समोर धड काही उरत नाही, म्हणून ती जिवावर बेतते. पण तेही विभाजनाची वेळ आली, तर. कांद्याचे पापुद्रे विभाजित होत नाहीत, त्यांना त्या तुटींचे सोयरसुतक नसते. आतला कोंब मात्र विभाजनावरच जगतो, म्हणून तो तेवढा थांबतो. काढणीनंतर कांदा सुप्तावस्थेत असतानाच विकिरण करावे लागते. चाळीत महिनोनमहिने राहून कोंब आतून हलू लागल्यावर नेले, तर अपेक्षित फायदा मिळत नाही.

सरांसाठी एक जोड. मेव्हण्यांना दर आठवड्याला सलाइनमधून सिस्प्लॅटिन देत असतील आणि भरपूर पाणी प्या असेही सांगितले असेल, कारण ते मूत्रपिंडाला जड जाते. हे औषध ग्वानीनला चिकटते, आणि सान्श यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले, की सिस्प्लॅटिन चिकटलेला डीएनए मंद इलेक्ट्रॉनांपुढे अधिक सहजपणे तुटतो. औषध आणि किरण एकत्र दिल्याने फायदा होतो, हे डॉक्टरांना त्याआधीपासून ठाऊक होते आणि त्याची दुसरी कारणेही आहेत. पेशीला तुटी सांधण्यात औषध अडथळा आणते, हे त्यांतले एक. इलेक्ट्रॉनचे कारण त्यांत मिळवायचे.

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शुक्रवारी वर्गात सुतळी पिळून प्लाझ्मिड दाखवला. पेड कापताच पीळ सुटला, तेव्हा मागच्या बाकांवरूनही माना वर आल्या. फॉस्फेट खर्च भागवतो, हा मुद्दा त्या विद्यार्थिनीने फळ्यावर स्वतः मांडून दाखवला.

चमचाभर चहाचे गणित मी मेव्हण्यांनाही सांगितले. ते गाडीत बराच वेळ गप्प होते आणि सिबल चौकात सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, “तापत नाही म्हणतोस, मग तिसऱ्या आठवड्यात माझे तोंड आतून सोलले कशाने?” यावर मला काही बोलता आले नाही. मात्रामापकताई, आपण सांगाल का?

मात्रामापक

सर, तोंडाच्या आतल्या अस्तराच्या वरच्या पेशी रोज झिजतात आणि तळाच्या थरातील पेशी विभाजित होऊन त्यांची जागा भरतात. उपचाराच्या क्षेत्रात हे तळाचे थरही येतात आणि त्यांचे विभाजन थांबते. वरचा थर जळून जात नाही. तो नेहमीसारखा झिजतो, पण खालून भरती येत नाही. शिल्लक संपायला दोन आठवडे लागतात, म्हणून त्रास पहिल्या दिवशी न होता तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो. चाळकरीदादांच्या कांद्यात कोंबाचे जे होते, तेच येथे तळाच्या थराचे होते. फरक एवढाच, की उपचार संपल्यावर वाचलेल्या पेशी पुन्हा विभाजित होऊ लागतात आणि काही आठवड्यांत अस्तर भरून येते.

तोवर त्यांना कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चुळा भरायला सांगा. तिखट, आंबट आणि तंबाखू पूर्ण बंद ठेवावे. आणि चहा निववून द्यावा; त्या चमचाभर चहातली उष्णता त्या उघड्या अस्तराला आता खरोखर झोंबेल.